चोविसावं पाकीट

३ फेब्रुवारी

ताई,

उभी असशील तर बस, आणि बसली असशील तर हातातला चहाचा कप खाली ठेव. मी दुसऱ्या श्रेणीच्या पंचपरीक्षेचा अर्ज भरला! केंद्र तुझंच लिहिलंय. आमच्याकडून जवळचं तेच, आणि जवळचं नसतं तरी तेच लिहिलं असतं.

हसतेयस ना? हस. चार वर्षं झाली मला पहिल्या श्रेणीची पंच होऊन. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि रविवारी क्लबात त्याच लोकांना, ज्यांच्यावर डावाचे नियम छापलेले असतात त्या पत्त्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवायचं. दोघांचं वाजलं की एक हात वर होतो, “पंच!” म्हणून हाक येते, आणि मी धावते. एरवी मान खाली घालून चालणारी माणसं पत्त्यांच्या डावावरून कशी हमरीतुमरीवर येतात, हे तुला वेगळं काय सांगायचं.

आता कारण ऐक. वर्षाची मोठी स्पर्धा असते ना, चारशे भिडूंची, तिचे आयोजक परवा दुकानात आले होते. चष्मा घालून आरशात बघता बघता म्हणाले, “बाई, एवढी दुसरी श्रेणी काढा. यंदा मुख्य पंच तुम्हीच.” माझ्या हातातला बारका स्क्रूच पडला. मग आम्ही दोघं पंधरा मिनिटं जमिनीवर रांगत तो शोधत होतो.

म्हणून तुझे पाय धरतेय. तू नऊ वर्षांपूर्वी एका झटक्यात पास झालीस. आई अजून शेजारणींना ऐकवते, “आमची थोरली दुसऱ्या श्रेणीची.” तेव्हा मला सगळं सांग. कुठलं पुस्तक वाचू? ते ‘खोटं टेबल’ म्हणतात, तिथे काय करतात? आणि पेपर चालू असताना पाणी पिऊ देतात का?

तुझी
चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

कप खाली ठेवला होता, तरी चहा सांडलाच. तुझे भाऊजी विचारायला लागले, कोण गेलं? म्हटलं, गेलं कोणी नाही, येतंय.

पाणी पिऊ देतात. बाटली बाकाखाली ठेवायची, वर नाही. मागल्या खेपेला एका शहाण्याने बाटलीच्या लेबलामागे नियम लिहून आणले होते. अक्षर इतकं सुबक की जप्त करताना माझ्याच जिवावर आलं. एक जण घरून उशी घेऊन येतो. एक दर वेळी दारातच विचारतो, “पेपर सोपा आहे ना?” मी म्हणते, ज्याला येतो त्याला सोपा.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली छापखाना आहे, त्यामुळे जमीन दिवसभर थरथरत असते. चोवीस बाक. सातव्याचा पाय तोकडा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. सकाळी लेखी. प्रश्नपत्रिका मोहोरबंद येतात, दोन उमेदवारांच्या सह्या घेऊन त्यांच्यादेखत मोहोर फोडायची. शंभरपैकी पंचाहत्तरला पास. दुपारी खोटं टेबल. मंडळाची दोन माणसं भिडू होऊन बसतात, मुद्दाम घोळ घालतात, एकमेकांच्या अंगावर जातात, आणि उमेदवाराने पंच म्हणून निवाडा करायचा. त्यात नाही जमलं तर लेखीतले दहा मार्क कापतात. त्या दोन भांडखोरांपैकी एक मी. आठ वर्षं भांडतेय, आणि त्याचा पगार मिळतो. मार्क देणारे परीक्षक बाहेरून येतात.

तू माझी बहीण आहेस हे मी मंडळाला लेखी कळवलंय. तसा नियमच आहे. लेखीच्या वेळी मी तुझ्या बाकाजवळ फिरकणार नाही, मान वाकडी करून बघू नकोस.

पुस्तक निळं. निळी नियमपुस्तिका पाठ कर, तळटिपांसकट.

माझ्या परीक्षेचं म्हणशील तर त्याला जमाना झाला. काही आठवत नाही.

आणि ते आयोजक ना, ते सगळ्यांशीच गोड बोलतात. सहा वर्षांपूर्वी मलाही असंच म्हणाले होते. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं होऊ नये म्हणून सांगितलं. रागावू नकोस.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

रागावले नाही. तुझं टोचून बोलणं मला लहानपणापासून पचतं.

निळं पुस्तक दोनदा वाचून झालं. आई रोज संध्याकाळी माझी परीक्षा घेते. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण पुस्तक हातात धरून अशी बसते की शाळेतल्या बाई बऱ्या. “भिडूने एक पान जास्त उचललं तर?” “डाव गेला!” “पिसताना पान उलटं पडलं तर?” “दाखवायचं, पुन्हा पिसायचं, दंड नाही!” काल एकही चुकलं नाही, तर म्हणते, “तू ताईला मागे टाकणार बघ.” मी म्हटलं, अगं, असं बोलू नये. तर म्हणे, “का? सायकल शिकायला तिला महिना लागला, तू एका संध्याकाळी शिकलीस.” मागून सीट धरून तू धावत होतीस, हे ती सोयीस्कर विसरते.

आणि ऐक, आयोजकांचं पत्र आलं! लेखी! पास झाल्याचा कागद दाखवला की मुख्य पंच म्हणून नेमणूक. हाताखाली आठ पंच. क्लबातली माणसं आत्तापासूनच मला ‘मुख्य’ म्हणून हाक मारतात. मी नको नको म्हणते, पण ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मला एक झकास सुचलंय. त्या आठांत तू ये ना! माझ्या हाताखाली! दोघी बहिणी, पंचांचे काळे शर्ट घालून एका हॉलमध्ये. भांडखोर माणूस तू दुरून ओळखतेस. तू असलीस तर मला कसलाच घोर नाही. ये ना गं, मजा येईल.

तुझी
चिंगी


२६ फेब्रुवारी
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

चिंगे,

आधी कामाचं. आज मंडळाकडून गठ्ठा आला. नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे, राखाडी कव्हरची, आणि या खेपेची परीक्षा तिच्यावर आहे. बाकी सगळं तेच, पण दंडाचं प्रकरण बदललंय. जास्तीचं पान उचललं तर आता डाव जात नाही. समोरच्याने त्याच्या हातातलं एक पान निवडायचं, ते पत्त्यांच्या जोडात परत पिसायचं, आणि खेळ पुढे चालू. असे पाच बदल. प्रत्येक प्रवेशपत्राबरोबर सूचनेची चिठ्ठी घालायची आहे. चोवीस उमेदवार, चोवीस चिठ्ठ्या.

पत्र खरं म्हणजे इथे संपलं. पण हात थांबत नाही.

तुझ्या हाताखाली येऊ? मी? तुला पत्ते धरायला शिकवलं कोणी? तुझ्या एवढ्याशा पंजात पानं मावत नव्हती, तेव्हा कपड्यांच्या चिमट्यांनी ती उभी करून दिली कोणी? नवव्या वर्षी तू मला हरवलंस आणि घरभर नाचलीस. आई म्हणाली, “थोरलीने मुद्दाम हार खाल्ली असेल.” नव्हती खाल्ली. मी जीव तोडून खेळत होते.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं. सायकल असो, पत्ते असोत, दुकानात गिऱ्हाइकाला हसवणं असो, तुझ्या पदरात सगळं आपोआप पडतं, आणि तुला वाटतं सगळ्यांचंच असं असतं. आठ वर्षं मी ती खोली उघडते, बाक पुसते, घड्याळाला किल्ली देते. माझ्यासमोर लोक पहिल्या श्रेणीचे आत जातात आणि दुसऱ्या श्रेणीचे होतात. मी आहे तिथेच. आता तू येणार, माझ्याच दारातून मुख्य पंच होऊन बाहेर पडणार, आणि वर मला बोट धरून हॉल दाखवणार!

त्यातून एकदा पास झालीस की यादी वाचशीलच. दुसऱ्या श्रेणीच्या यादीत माझं नाव नाही, चिंगे. नऊ वर्षांपूर्वी मी तीन मार्कांनी नापास झाले. घरी पत्र लिहायला बसले आणि हाताने वेगळंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी आईने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. मग मागे कसं फिरणार? पुन्हा बसायचं तर पर्यवेक्षकाची खुर्ची सोडावी लागते. आणि त्या खुर्चीत बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही, तुम्ही स्वतः पास आहात का.

वाचून बघितलं. हे पाठवण्यासारखं नाही. दुसरं लिहिते, फक्त कामाचं.


२ मार्च

चिंगे,

सोबत प्रवेशपत्र. बाक क्रमांक अकरा. १४ मार्च, सकाळी नऊ. ओळखपत्र आण, पेनं दोन आण. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्याच्यावर विसंबू नकोस.

कामाची गर्दी आहे, जास्त लिहीत नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

पोचले सुखरूप. जेवायला थांबवून घेशील असं वाटलं होतं, पण तुला उत्तरपत्रिकांच्या पेट्या बांधायच्या होत्या. भाऊजींनी स्टेशनवर सोडलं. तेही वाटभर हवापाण्याच्याच गप्पा मारत होते. तुझं काही बिनसलंय का?

लेखी मस्त गेली! दंडाचे प्रश्न तर माझ्या हातचा मळ. शेजारच्या बाकावर एक दाढीवाला होता, तो नेमक्या त्याच प्रश्नांना डोकं खाजवत बसला होता. मला त्याची दया आली. बाहेर आल्यावर त्याने स्वतःहून ओळख करून घेतली, फोन नंबर दिला. बिचारा पास झाला तर बरं.

पण दुपारचं टेबल! अगं, काय तू! खुर्चीत बसलीस आणि दुसरीच कोणी झालीस. “ओ पंच, इकडे या! हा माणूस लुच्चा आहे!” टेबलावर असा हात आपटलास की पानं खाली गेली. छापखान्यातला माणूस वर बघायला आला, माहीत आहे ना?

मग तुझ्या हातात एक पान जास्त निघालं. मी नियमाप्रमाणे तुला उठवून खिडकीपाशी नेलं. परीक्षक वही घेऊन मागे उभे. पंचाच्या कामाचा सगळा जीव त्या एका प्रश्नात असतो ना. माहीत नसताना झालं तर ती चूक, तेवढ्यापुरता दंड. माहीत असून गप्प बसला तर तो भिडू स्पर्धेबाहेर, बोलायचं कामच नाही. मी विचारलं, “जास्तीचं पान आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?”

तू आधी खिडकीबाहेर बघितलंस. मला वाटलं, ही पाठ केलेलं विसरली. मग म्हणालीस, “नाही. लक्षात आलं नाही.” मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, नाही, ही खरं बोलतेय. निवाडा दिला: चूक, डाव गेला, स्पर्धेत राहा. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आणि तुझा चेहरा असा पडला, असा पडला, की मलाच वाईट वाटलं. अभिनय करावा तर असा!

निकाल लागला की आधी तू मला कळव. बाकी कोणाकडून कळायला नको.

तुझी
चिंगी


४ एप्रिल

चिंगे,

निकाल सोबत आहे. एकाहत्तर. चार मार्कांनी गेलीस.

फार मनाला लावून घेऊ नकोस. चोविसातले नऊच पास झाले. पहिल्या खेपेला भल्याभल्यांचं होत नाही. मी म्हणतच होते, हुरळून जाऊ नये.

आईला तू सांग. मला जमणार नाही.

ताई


१५ एप्रिल

ताई,

रडून झालं, म्हणून आता लिहितेय.

आयोजकांना कळवलं. त्यांनी दोन दिवसांत दुसऱ्या कोणाला तरी नेमलं. क्लबात आता मला कोणी ‘मुख्य’ म्हणत नाही. म्हणत नाहीत ते ठीक, पण मी आले की बोलणं थांबवतात, ते जास्त लागतं. आईने पुस्तक कपाटावर ठेवून दिलं आणि तेव्हापासून माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी हळू बोलते.

मी मंडळाकडून उत्तरांचा तपशील मागवला. लेखीत पाच प्रश्न चुकले, पाचही दंडाच्या प्रकरणातले. वर टेबलावरचे मार्क कापले, तेही दंड चुकला म्हणून. पुस्तक काढून ताडून बघितलं. माझी उत्तरं शब्दाशब्दाला बरोबर! मला वाटलं, मंडळच चुकलं. तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. म्हटलं, आधी दाढीवाल्याला विचारावं. त्याला फोन केला. तो पास झालाय. म्हणाला, “अहो, नवी आवृत्ती होती ना. प्रवेशपत्राबरोबर चिठ्ठी नव्हती का आली?”

माझ्या पाकिटात चिठ्ठी नव्हती. पाकीट अजून माझ्याकडे आहे. दोनदा उलटं करून झटकलं, मग कडा फाडून आत बघितलं.

ताई, चोवीस पाकिटं भरायची म्हटल्यावर एखाद्यात राहून जाऊ शकतं. मी स्वतः एकाची काच दुसऱ्याच्या फ्रेमला बसवली आहे आणि तो माणूस दोन दिवस तसाच फिरला आहे. तसं झालं असेल तर “गडबडीत राहिली” एवढी एक ओळ लिही. विषय संपला. आयुष्यात पुन्हा काढणार नाही, आईशपथ.

पण विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. तुला माहीत होतं का?

चिंगी


२१ एप्रिल

चिंगे,

“गडबडीत राहिली” असं एका कागदावर लिहिलं होतं. अक्षरसुद्धा छान आलं होतं. फाडला तो.

माहीत होतं.

तेवीस चिठ्ठ्या मोजून घातल्या. चोविसावी ड्रॉवरमध्ये टाकली आणि वर स्टेपलर ठेवला. पाकीट चिकटवताना हात थरथरला, असं लिहिणार होते, पण नाही थरथरला. नीट चिकटवलं. तू खिडकीपाशी नेऊन विचारलंस तेव्हा मात्र मी आधी खिडकीबाहेर बघितलं. तू मला खरी धरलीस, म्हणून चेहरा पडला. त्यात अभिनय काही नव्हता.

सोबत २६ फेब्रुवारीचं एक पत्र आहे. तेव्हाच पाठवायला हवं होतं. त्यात माझ्या मनात काय होतं ते सगळं आहे. माझं पास होणं किती खरं होतं, तेही आहे. गोड करून काही लिहीत नाही.

एक गोष्ट त्यात नाही, ती सांगते. तुझा निकाल आला त्या दिवशी मला आनंद झाला. ड्रॉवरमधून माझा नऊ वर्षांपूर्वीचा निकाल काढला आणि तुझ्या निकालाशेजारी ठेवला. मला बहात्तर, तुला एकाहत्तर. एका मार्काने मी वरचढ! दुपारपर्यंत त्याच तोऱ्यात होते. मग जेवताना घास घशात अडकला. तुझ्या हातात जुनं पुस्तक देऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून तुला पळायला लावलं, आणि तरी तू माझ्यापेक्षा फक्त एक पाऊल मागे. तुझे भाऊजी विचारत होते, पाणी देऊ का. मी म्हटलं, पाण्याने जायचं नाही हे.

मंडळाला सगळं लेखी कळवलं आहे, चिठ्ठीसकट. खुर्ची गेली. खोलीच्या किल्ल्या परत केल्या. तुझा निकाल रद्द करून तुला पुन्हा बसू देतील, असं म्हणाले. तुझं मुख्य पंचाचं काम मात्र मी परत आणून देऊ शकत नाही.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. पण मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून मागत नाही.

ताई


१९ मे

ताई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण जे जे लिहिलं ते पाठवण्यासारखं नव्हतं. आपल्या घराण्याची ही रीतच दिसते.

तुझा गैरसमज आधी दूर करते. मागितली असतीस तरी मी क्षमा दिली नसती. मागच्या शनिवारी तिकडे स्पर्धा चालू होती, चारशे माणसांची, आणि मी दुकानात एका म्हाताऱ्यांच्या चष्म्याची दांडी वाकवत होते. दर अर्ध्या तासाने घड्याळाकडे बघत होते, आता तिसरी फेरी असेल, आता चौथी. ते माझं होतं. तू घेतलंस. परक्या कोणी केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझं काय करू?

आता माझंही ऐक. यादीत तुझं नाव नाही, हे मला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं. जिन्याजवळ दुसऱ्या श्रेणीच्या पंचांची यादी लावलेला फळा आहे ना, तिथे मी दाढीवाल्याला फुशारकीने घेऊन गेले, “थांबा, माझ्या ताईचं नाव दाखवते.” वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. त्याला म्हटलं, फळा जुना दिसतोय. पण मला कळलं. आणि ताई, मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं मी ऐकतेय, ताई कशी एका झटक्यात पास झाली, ताईची शिस्त बघ, ताईसारखं नीट कर. दर रविवारी क्लबात उभी राहताना मी तुझ्या त्या पास होण्याच्या मागे धावत होते, आणि ते कुठे नव्हतंच! जळणं काय तुझ्या एकटीच्या मालकीचं आहे? तू निदान लिहून तरी टाकलंस.

आईला चिठ्ठीचं सांगितलं. दोन दिवस ती तुझं नाव काढत नव्हती. तुझ्या नापास होण्याचं सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, मी नाही.

मंडळाचं पत्र आलं. सप्टेंबरात मला पुन्हा बसायचंय. मी त्यांना विचारलं, काढून टाकलेल्या पर्यवेक्षक बाई उमेदवार म्हणून बसू शकतात का? ते म्हणाले, ज्या उमेदवारावर अन्याय झाला तिची हरकत नसेल तर बसू शकतात. मी लिहून दिलं, हरकत नाही. सोबत तुझा अर्ज आहे, भरून ठेवलाय, फक्त सही राहिली आहे. केंद्र लांबचं घेतलंय, तिथे दोघींना कोणी ओळखत नाही. पुस्तक राखाडी, हे मी तुला सांगतेय, नीट वाच.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून करत नाही. बहात्तर आणि एकाहत्तर मला मान्य नाही. मला तुला हरवायचंय, ताई, आणि घरी बसलेल्या माणसाला हरवता येत नाही.

चिंगी


२५ मे

चिंगे,

अर्जावर माझं वय दोन वर्षांनी वाढवलं आहेस. खोडून बरोबर केलं, खोडल्याच्या शेजारी सही केली, मग खाली सही केली. अर्ज मी स्वतः मंडळात नेऊन दिला. माझ्याच जागेवर बसलेल्या नव्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून पोचपावती फाडली.

तिथूनच आईला फोन केला. नऊ वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. तिने मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं तिने, “आता सप्टेंबरात दोघींत जास्त मार्क कोणाला पडणार?”

मी म्हटलं, मलाच.

ताई